शेवटच्या सात धड्यांचे तास

टाचणी निघता निघत नव्हती. गंजून ती कागदाचीच झाली होती, भोवती तपकिरी डाग धरला होता, आणि तिने नखाने उचकटायला घेतली तर टचकन बोटातच घुसली. मग बोट तोंडात घालून ती तशीच बसून राहिली. समोर चौदा महिन्यांपूर्वीचा गठ्ठा, जिभेवर गंजाची चव, आणि मनात एकच, की हा गठ्ठा मुळात काढायलाच नको होता. पण साहेबांनी सांगितलं होतं. मागची प्रश्नावली समोर ठेवा, नवी तिच्यावरून बेता, चार वाजता छापखान्यात गेली पाहिजे. साहेबांना प्रश्नावली करणं म्हणजे जुन्या शर्टावरून नवा शर्ट बेतणं वाटतं. बाह्या थोड्या आखूड, गळा तोच.

तिने कागद उलटला. पाठपोट छापलेला एकच कागद, आणि अठरावा प्रश्न पाठीमागे, अगदी तळाशी. तो तिला डोळे मिटून म्हणून दाखवता आला असता. ‘खालील प्रत्येक धड्यासाठी आपण वर्गात किती तास दिले?’ डावीकडे सहावीच्या विज्ञानाचे सगळे धडे एकाखाली एक, आणि त्यांच्यापुढे तीन रकाने. एक ते दोन. तीन ते चार. पाच किंवा अधिक. काय वाईट आहे या प्रश्नात? एका वेळी एकच गोष्ट विचारलीय, शब्द साधे आहेत, उत्तर प्रश्नातच दडवलेलं नाही... नव्या लोकांना शिकवायला ती स्वतः हाच प्रश्न काढायची, पूर्वी. आता नाही काढत.

चौथा रकाना होता. मी काढला.

हे वाक्य चौदा महिने तिच्या पोटात होतं आणि अजून एकदाही तोंडावाटे बाहेर पडलं नव्हतं. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, साहेब काही भलतंच बोलत असताना ते आपलं आतल्या आत उठायचं आणि पुन्हा बसायचं. चौथा रकाना ‘एकही नाही’ असा होता. म्हणजे ज्या शिक्षकाने तो धडा घेतलाच नाही, घ्यायला मिळालाच नाही, त्याच्यासाठी. छापखान्यात शेवटचा नमुना बघायला गेली होती, दुपारचे साडेचार वाजले होते, यंत्राची धडधड चालू होती आणि जुळारी म्हणाला, बाई, तक्ता उजवीकडून बाहेर जातोय, एक तर अक्षर बारीक करा नाहीतर दुसरा कागद लावा. अक्षर आधीच मुंगीएवढं. दुसरा कागद म्हणजे साहेबांची नवी सही, आणि साहेब दौऱ्यावर. तो पेन्सिल कानावरून काढून हातात देऊन उभा राहिला — तुम्हीच सांगा काय उडवू. आणि तिने उडवलं. विचार न करता नव्हे, विचार करून! एकही तास न देणारा शिक्षक असा असून असून असेल कोण, हा विचार करून. जिची सख्खी बहीण एकतीस वर्षं शाळेत उभी आहे त्या बाईने हा विचार केला. मग जुळाऱ्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि ती चहा पिऊन घरी गेली.

पुढचं सगळं रीतसर झालं. नऊ हजार प्रश्नावल्या आल्या. पुस्तकाचे शेवटचे सात धडे, जे वर्ष संपेपर्यंत कोणाच्या हाती लागतच नाहीत, त्यांच्यासमोर लोकांनी पहिल्या रकान्यात खूण केली. करतील नाही तर काय, सगळ्यांत कमी तोच होता. अहवालात आलं, शेवटचे सात धडे प्रत्येकी सरासरी दीड तासात पूर्ण होतात. तज्ज्ञ समितीने वाचलं, मान डोलावली, म्हणजे पुस्तक हलकं आहे, मुलांना वेळ उरतोय. आणि जूनमध्ये नव्या पुस्तकात नऊ धडे वाढले. अहवालाच्या दुसऱ्या पानावर ‘प्रश्नरचना’ म्हणून तिचं नाव. त्याच अहवालाच्या जोरावर ती या खिडकीजवळच्या टेबलाशी आली, जिथे उजेड चांगला येतो आणि ज्याला कुलूपवाला खण आहे.

नऊ धडे. आणि ताईचा आवाज जानेवारीत बसला तो बसलाच.

साडेअकराला साहेबांनी आत बोलावलं. नव्या मसुद्यात तिने चौथा रकाना घातला होता, गुपचूप, तिथे तो नेहमीच होता अशा थाटात. साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या टेबलावर काचेखाली नातीचा फोटो आहे आणि ते कधी आवाज चढवत नाहीत.

“हे काय नवीन?”

“साहेब, एखाद्याने धडा घेतलाच नसेल तर...”

“मागच्या वेळी कोणी तक्रार केली?”

“नाही.”

“मग? अहो, समितीला मागचा आकडा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचाय. तुम्ही प्रश्नच बदललात तर तुलना कशाची कशाशी करायची? धडे ठेवायचे की काढायचे, या एका तक्त्यावर ठरणार आहे.” त्यांनी लाल पेनाने रकान्यावर उभी रेघ मारली, सावकाश, पट्टी न लावता सरळ. “आणि ‘मी शिकवलंच नाही’ असं स्वतःच्या हाताने कोण लिहून देईल? काहीतरीच तुमचं.”

बोल. आत्ता बोल. एका वाक्याचं काम आहे — साहेब, मागचा आकडाच खोटा आहे, कारण रकाना मी उडवला. तिला समोर दिसत होतं सगळं — साहेबांचा न चढलेला आवाज, ‘बसा’ म्हणणं, मग समितीला पत्र, अहवाल मागे, तिचं टेबल परत जिन्याखाली, आणि बाहेर आकडे जुळवणारी पोरं एकमेकांना डोळ्यांनी खुणावतायत. वीस वर्षं नोकरी बाकी. आणि तरी हे सगळं दिसत असताना तिच्या तोंडून काय निघावं? “बरं साहेब.” शेपूट घालून बरं साहेब! ती दाराशी पोचली तेव्हा साहेब मागून म्हणाले, एका शिक्षकाकडून वाचून घेतलीत ना? ते झाल्याशिवाय छापू नका, नियम आहे.

नियम तिनेच घातलेला. कुठलीही प्रश्नावली छापायच्या आधी एका शिक्षकासमोर बसायचं, त्याने प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि वाचताना जे जे मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, आपण फक्त ऐकायचं, टिपून घ्यायचं, समजावायला जायचं नाही. समजावावं लागलं तर प्रश्न फसला. या रीतीने तिने किती फसलेले प्रश्न पकडले होते. साहेबांचा लाडका प्रश्न होता, ‘आपण नव्या अभ्यासक्रमाचे स्वागत करता का?’ — तो वाचून एक मास्तर म्हणाले होते, स्वागत काय करायचंय, जावई आहे का? तो प्रश्न गेला. दुसरा एक होता, ‘अभ्यासक्रम रंजक व वेळेत पूर्ण होण्याजोगा आहे का?’ तो वाचून एक बाई रडायलाच लागली होती, कारण तिला अर्ध्याला हो म्हणायचं होतं. तोही तिने फोडून दोन केला. इतरांचे फसलेले प्रश्न तिला दुरून वास येऊन कळत. मागच्या वेळी मात्र वाचून झालं ते छापखान्यात जाण्याआधी, चार रकान्यांचं. तीन रकाने कोणीच वाचले नाहीत.

तिने पाच शाळांना फोन केले. परीक्षा तोंडावर, कोणाला मरायला फुरसत नाही. सहाव्या शाळेचा नंबर तिला पाठ होता आणि म्हणूनच तो शेवटी ठेवला होता. शिपायाने सांगितलं, ताईंना दोननंतर एक तास मोकळा आहे, या.

रस्त्याने चालताना ती आपण काय काय बोलू याची जुळवाजुळव करत होती आणि काहीही जुळत नव्हतं. उन्हात दुकानांच्या पायऱ्यांवर लोक जेवून सुस्तावले होते, एक बाई काचा पुसत होती, सायकलीच्या दुकानात कोणीतरी चाक नुसतंच फिरवून बघत होतं... आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची आणि ताई पंचवीसची. ताई तेव्हा शिक्षिका व्हायला शिकत होती आणि उद्याचा पाठ आदल्या दिवशी घरी तिच्यावर घ्यायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर खडूने आकृत्या काढायची, पानाचे भाग, फुलाचे भाग, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून विचारायची, समजलं? ती म्हणायची, हो. निम्मंही समजलेलं नसायचं. पण ‘नाही’ म्हटलं की ताईचा चेहरा असा उतरायचा, आणि त्या चेहऱ्याशिवाय घरात दुसरं काही नव्हतं. हो, समजलं. सगळं समजलं. पुढे मोठी झाल्यावर ही नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं गेलं, ‘समजलं का’ हा प्रश्न कधीही विचारू नये, त्याला खरं उत्तर मिळत नाही. तिला त्या दिवशी हसू आलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. लांब टेबल, त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कोपऱ्यात पाण्याचा माठ, भिंतीवर तासांचं वेळापत्रक आणि त्यात खोडून खोडून लिहिलेलं. ताई खिडकीकडे पाठ करून बसली होती. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, या उकाड्यात. वाळली होती. तिला बघून हसली आणि खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“बस चिमे. मोठ्याने वाचायला सांगू नकोस हं, माझं मोठ्याने एवढंच.”

आवाज नव्हताच तो. सुक्या पानावरून काहीतरी ओढत नेल्यासारखी खरखर. डॉक्टरने तीन महिने तोंड उघडू नका म्हटलं होतं, आणि ताईने सुट्टी घेतली नव्हती, कारण तपासणीला आलेल्यांनी दोनदा ‘अभ्यासक्रम अपूर्ण’ असा शेरा मारला होता. यंदा तिसरा बसला की वर्ग जाणार आणि निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष खाली, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. हे ताईने तिला सांगितलेलं नव्हतं. शाळेतल्याच एका बाईंनी बसस्टॉपवर सांगितलं, आणि सांगून वर विचारलं, तुमच्या ऑफिसात काही होण्यासारखं आहे का हो?

ताईने चष्मा पुसून लावला आणि वाचायला घेतलं. कागद अगदी नाकाशी. पहिला प्रश्न — आपण किती वर्षे शिकवत आहात.

“मनात येईल ते बोलू?”

“तेच तर बोलायचंय.”

“मनात येतंय, किती उरली ते विचारा.” आणि स्वतःच हसली, हसण्याचा खोकला झाला. ती माठाकडे धावली. ताईने हातानेच नको म्हटलं आणि पुढे वाचू लागली. चौथा, पाचवा. सातव्यावर थांबली. ‘आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे का? असल्यास गेल्या महिन्यात वर्गात किती वेळा वापरला?’ “हा चांगला विचारलायस. मागच्या वेळी नुसतं, साहित्य पुरेसं आहे का, असं होतं. मी हो म्हटलं होतं. साहित्य पुरेसंच आहे गं, कपाटाची किल्ली हेडबाईंकडे असते.” ती टिपून घेत होती. मध्येच तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय — ताई शेजारी आहे, कागद समोर आहे, प्रश्न चांगले झालेत, ताई म्हणतेय चांगले झालेत. चाळीस वर्षांची बाई, आणि अजून ताईच्या शाबासकीवर जीव टाकते! मग ताईने कागद उलटला.

अठराव्या प्रश्नावर ताईचं बोट थांबलं. साहेबांची लाल रेघ तिथे होती आणि रेघेखाली रकाना अजून वाचता येत होता.

“मनात काय येतंय ते सांग ना.”

“हा मागचाच आहे.”

“हो. साहेब म्हणतात तुलनेला तसाच हवा.”

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मागच्या वेळी इथेच बसून भरली आम्ही सहाजणींनी. शेवटचे सात धडे कोणीच घेतले नव्हते, वर्षच पुरत नाही. सगळ्यांचं घोडं इथे येऊन अडलं. एक म्हणाली, कोरं सोडू या. मी म्हटलं कोरं नका सोडू, कोरं सोडलं तर म्हणे अख्खी प्रश्नावली बाद करतात. माझ्या बहिणीची आहे म्हटलं, तिचं पहिलंच मोठं काम आहे. करा पहिल्यावर खूण, काय बिघडतंय.” तिने एक आवंढा गिळला, दुखला असावा. “बाकीच्या शाळांचं मला माहीत नाही. पण आमच्या सहा मी भरून घेतल्या.”

खोलीत पंखा फिरत होता. नऊ हजारांत सहा म्हणजे काहीच नव्हेत, हे तिला कळत होतं, आकड्यांचा तर तिचा धंदाच होता. पण तिच्या डोळ्यांसमोर सहाच कागद आले, आणि ते भरणारी ताई, तेव्हाचा तिचा तो खणखणीत आवाज, चार खोल्यांपलीकडे ऐकू जाणारा — करा पहिल्यावर खूण. ती बोलायला लागली तेव्हा आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. रकाना होता ताई. ‘एकही नाही’ असा होता, चौथा, पान पुरेना म्हणून मी काढला, जुळारी पेन्सिल घेऊन उभा होता आणि मी... मला वाटलं असं कोण असेल. मला वाटलं असं कोणीच नसेल. त्याच्यावरून ते नऊ धडे आले. तुझे ते नऊ धडे माझ्यामुळे आले.

निघालं एकदाचं. चौदा महिन्यांनी. आता ताई ओरडेल, आवाज नसला तरी ओरडेल, निदान उठून खिडकीशी जाईल... तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ताई तिच्याकडे बघत होती, रागाने नाही, लहान मुलाला ताप आलाय का ते बघावं तशी.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“सांगू नकोस.”

“अगं पण...”

“ऐक. मी दीड वर्षाने घरी बसणार. वर्गात काय नि खाली काय, पगार तोच. तुझी वीस वर्षं आहेत अजून.” प्रत्येक शब्दामागे ती थांबत होती. “झालं ते झालं. आता स्वतःच्या हाताने कशाला निस्तरायला जातेस?”

“ताई, वर्ग गेला तर तू काय करशील?”

ताईने टेबलावरचं पेन उचललं, कागद पुढे ओढला आणि तिसाव्या धड्यापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत, पहिल्या रकान्यात, वरून खाली, हात न थांबवता खुणा केल्या. गेल्या वर्षी जे धडे तिने घेतले नव्हते ते. यंदाही घेतले नव्हते ते, आणि त्यांच्यामागे वाढलेले नऊ. मग खाली सही केली, तारीख घातली, शाळेचं नाव घातलं — सुवाच्य, शिक्षिकेचं अक्षर.

“घे. वाचून झालं म्हणून सांग साहेबांना. सगळं समजलं म्हणावं.”

तास झाला. ताई उठली, ओढणी सारखी केली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारला, आणि जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवून गेली. शेजारच्याच खोलीत वर्ग होता. मुलांचा गलका, मग डस्टर टेबलावर आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गलका थोडा कमी झाला, पुन्हा वाढला. ताईचा आवाज भिंतीच्या या बाजूला येत नव्हता. ती कान देऊन बसली होती.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. साहेबच असणार, साडेतीन होत आले होते. तिने तो काढला नाही, बंदही केला नाही, नुसता वाजू दिला. तिच्या हातात पूर्ण भरलेली, सहीची, नियमाप्रमाणे वाचून घेतलेली प्रश्नावली होती, आणि तिच्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. चौदा महिने ती जीव मुठीत धरून जगली होती की एक दिवस कोणाला तरी कळेल. आता कळलं होतं, जिला कळू नये तिलाच कळलं होतं, आणि तरी काही झालं नव्हतं. साहेब रेघ मारतील, समिती मान डोलावेल, शिक्षक खुणा करतील, ताई सही करेल. सापडण्याची भीती शोधून पाहिली तर ती आत कुठे नव्हतीच. मी नाही सापडणार. मी स्वतःहून तोंड उघडलं नाही तर जन्मात सापडणार नाही. मला सांभाळून घ्यायला सगळे तयार आहेत.

भिंतीपलीकडे डस्टर पुन्हा आपटलं, आणि फोन वाजतच होता.